एकच कार्ड राहिलंय, घेऊ का?

एका वाचकाचं पत्र आलंय, मोठं होतं, थोडक्यात देते. लिहिणारा ३७ वर्षांचा, आयटीतला, सहा वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहतोय, सोबत बायको आणि सात वर्षांचा मुलगा. येत्या मार्चमध्ये सगळे कायमचे पुण्याला परत येणार आहेत. गेली तीन वर्षं तो ड्रॅगन बॉल या जपानी कार्टूनची जुनी कार्डं जमवतोय, बांदाई कंपनीची कार्डदास, म्हणजे नाणी टाकून मशीनमधून निघायची ती, त्यातला १९८८ चा अगदी पहिला संच. एकूण ४२ कार्डं, ३६ साधी आणि ६ चमकणारी प्रिझम. त्याच्याकडे ४१ आहेत. राहिलेलं एक प्रिझम टोकियोतच नाकानोच्या एका दुकानात काचेमागे आहे, ग्रेडिंग करून, म्हणजे स्थिती तपासून दर्जा ठरवून, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेलं, किंमत ८५ हजार येन. बायकोला आधीच्या कार्डांच्या किमती त्याने कमी करून सांगितल्यात. आणि दोन महिन्यांपूर्वी मुलाने फाईलमधून एक साधं कार्ड खेळायला काढलं, त्याचा कोपरा दुमडला, हा एवढा ओरडला की मुलगा आता त्या कपाटाकडे फिरकत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने ते कार्ड नवीन आणून जागेवर लावलं. विचारतो, "ताई, जपान सोडलं की हे परत मिळणार नाही. हे एक घेतो, सेट पूर्ण करतो आणि एकदाचा थांबतो. यात चूक आहे का?"

कार्ड घेण्यात चूक काहीच नाही, हे आधी सांगून टाकते, कारण तुझ्या पत्राचा सूर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखा आहे आणि त्याची गरज नाही. मोठ्या माणसाने कार्टूनची कार्डं कशाला जमवायची असलं काही मी म्हणणार नाही. मी स्वतः १९९३ मध्ये ओसाकात होते, नवऱ्याची तिकडे बदली झालेली, आणि आमच्या गल्लीच्या तोंडावर एक दागाशिया होतं, म्हणजे गोळ्या-बिस्किटांचं छोटंसं दुकान, त्याच्या बाहेर कार्डदासचं मशीन. २० येनला एक कार्ड. नाणी टाकायची, मूठ करकर फिरवायची की खालच्या फटीतून कार्ड बाहेर. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची, तिला सेलर मून या कार्टूनची कार्डं पाहिजे असायची, आणि चमकणारं कार्ड आलं की ती ते दुकानाच्या ट्यूबलाईटखाली धरून तिरकं करायची, मग रंग एका कडेकडून दुसरीकडे सरकत जायचे, आणि ती दरवेळी "परत, परत" म्हणत तेच करायची. त्यामुळे तू पत्रात लिहिलंयस ना की पहिलं प्रिझम हातात आलं तेव्हा घरी पोचेपर्यंत ट्रेनमध्ये चार वेळा बाहेर काढून बघितलं, ते मला अगदी डोळ्यांसमोर दिसलं.

आता तुझं वाक्य. "हे एक घेतो, सेट पूर्ण करतो आणि एकदाचा थांबतो." यात तीन गोष्टी तू गृहीत धरल्यास आणि मला तिन्हींवर तुझ्याशी बोलायचंय.

पहिली म्हणजे "पूर्ण". हा ४२ चा आकडा कुठून आला? कंपनीने छापला म्हणून. आणि संच पूर्ण करायची ही जी भूक आहे ना, ती तुझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेली नाही, जपानमध्ये ती पन्नासहून जास्त वर्षं पद्धतशीर वाढवली गेलीय. १९७१ मध्ये काल्बीने कामेन रायडर स्नॅक काढलं, २० येनचं पाकीट आणि त्यासोबत एक कार्ड, सगळी मिळून ५४६ कार्डं, आणि पोरं कार्ड काढून घ्यायची आणि खाऊ फेकून द्यायची, इतकी की तो तिकडे मोठा सामाजिक प्रश्न झाला. ऐंशीच्या दशकात लोत्तेच्या बिक्कुरिमान चॉकलेटचं पुन्हा तेच, स्टिकर ठेवायचा आणि चॉकलेट कचऱ्यात. आपल्याकडे चिप्सच्या पाकिटातले टाझो आठवत असतील तुला, तुझंच वय ते.

आणि यातली गंमत गणितात आहे, ती मला फार उशिरा कळली. समज ३६ साधी कार्डं आहेत आणि मशीनमधून प्रत्येक कार्ड यायची शक्यता सारखीच आहे. तर पहिली निम्मी, म्हणजे १८ वेगवेगळी कार्डं, सरासरी २५ एक वेळा मूठ फिरवली की मिळून जातात. पण सगळी ३६ व्हायला सरासरी १५० वेळा फिरवावी लागते, आणि त्यातलं एकटं शेवटचं कार्ड सरासरी ३६ फेऱ्या खातं! म्हणजे शेवटचं कार्ड छळतं ते काही फार थोर असतं म्हणून नाही, ते शेवटी उरलं एवढंच, दुसरं कुठलंही उरलं असतं तरी तेवढंच छळलं असतं. जपानी सरकारला हे चांगलं ठाऊक होतं. ठरावीक वेगवेगळी कार्डं किंवा चित्रं जुळवून आणली तर बक्षीस देऊ, अशा योजनेवर तिथे १९७७ च्या एका अधिसूचनेने बंदी आहे, कारण लहान मुलांना वाटतं आता एकच राहिलं, जवळच आलो, आणि ते एक काही येत नाही. पुढे मोबाईल गेममध्ये हाच प्रकार "कोंपु गाचा" नावाने आला तेव्हा २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने तोच जुना नियम त्याला लावला. कोंपु म्हणजे कंप्लीटचंच जपानी रूप, तुला माहितीच आहे. कार्डदासला तो नियम लागत नाही, तिथे संचावर वेगळं बक्षीस नव्हतं, कार्ड हाच माल होता. पण मनाला जे होतं ते तेच होतं, आणि सदतीस वर्षांच्या माणसालाही होतं.

मला काळजी आहे ती थांबण्याची. कारण पहिला संच हा काही शेवट नाही, त्याच्यामागे दुसरा आहे, तिसरा आहे, मग सुपर बॅटल नावाची मालिका, मग अमादा या दुसऱ्या कंपनीची पीपी कार्डं ज्यांचा चमकणारा वरचा थर सोलून निघायचा आणि आता न सोललेलीच हवीत म्हणून लोक भांडतात, मग मशीनच्या दर्शनी भागात लागायचा तो कागद, दाइशी, तोही जमवणारे आहेत. तू "एकदाचा थांबतो" म्हणतोस, पण पत्रात तिसऱ्या पानावर तूच लिहिलंयस की दुसऱ्या संचातली अकरा कार्डं "अशीच स्वस्तात मिळाली म्हणून" घेऊन ठेवलीत. मी हे पकडायला म्हणून सांगत नाहीये रे. पण ८५ हजार येन तू थांबण्याची किंमत म्हणून मोजणार असशील तर ते थांबणं त्यात मिळेल असं मला तुझ्याच पत्रावरून वाटत नाही.

दुसरं गृहीत, "जपान सोडलं की मिळणार नाही." हे तर खरंच नाहीये. नाकानोचंच मांदाराके बघ, १९८० पासूनचं दुकान, ते परदेशात पार्सल पाठवतं. जपानी लिलावाच्या साईटवरून आपल्यासाठी बोली लावून माल घेणारे आणि पुढे पाठवणारे मध्यस्थ आहेत. महाग पडतं हे कबूल, त्यांचं कमिशन, पोस्टेज, आणि भारतात आल्यावर कस्टम, जे नुसत्या कार्डावर नाही तर पोस्टेज धरून लागतं, दरही बदलत असतो, मागवायच्या आधी तेव्हाचा बघायचा. पण दार बंद होत नाहीये. मार्चची जी तारीख आहे ती तुझ्या विमानाची आहे, कार्डाची नाही. घाईत घेतलेल्या गोष्टीला माणूस दीडपट मोजतो, घर घेताना आपण हे सगळ्यांना सांगत फिरतो आणि स्वतःच्या छंदात विसरतो.

उलट खरी घाई कशाची असेल तर ती विकायची. तुझ्याकडे डबल झालेली सत्तरेक कार्डं आहेत असं लिहिलंयस, ती तिथेच विक, निघायच्या आधी. जुन्या मालाची दुकानं विकणाऱ्याचं ओळखपत्र मागतात, तुझं झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, आहे तोवर काम सरळ आहे, ते परत केल्यावर पुण्यात बसून हे जमवणं जिवावर येईल. आणि त्या पैशाचा एक वेगळा लिफाफा कर. जी माणसं छंद वर्षानुवर्षं नीट चालवतात ती बहुतेक असंच करताना मी बघितलीत, छंदाचा पैसा छंदातून, घराच्या खात्याला हात नाही.

तिसरं गृहीत तू स्पष्ट लिहिलं नाहीस पण ते ओळींच्या मधे आहे, की हे कार्ड म्हणजे हेच कार्ड, त्या काचेमागचं. का? तुझी ४१ कार्डं फाईलच्या कप्प्यात आहेत, एकही ग्रेड केलेलं नाही. हे बेचाळीसावं जाड प्लॅस्टिकच्या पेटीत आहे, ते तुझ्या फाईलच्या कप्प्यात जाणारच नाही! एक तर ते आयुष्यभर वेगळं ठेवशील, नाहीतर पेटी फोडशील, आणि फोडलीस की त्या ८५ हजारातला मोठा हिस्सा ज्या ग्रेडसाठी दिलास तो तिथेच संपला. तुझ्या बाकीच्या पाच प्रिझमवर बारीक ओरखडे आहेत असं तूच म्हणतोस. मग सहावं त्यांच्यासारखंच असू दे ना. जपानी जाहिरातीत "बिहिन" म्हणजे उत्तम स्थितीतला माल सोडून जरा "किझु आरी", म्हणजे ओरखडे असलेला, असा शोध घे, आणि "मातोमे-उरी" पण बघ, एकत्र गठ्ठा विकायला काढतात तो, घरातलं जुनं कपाट आवरताना निघालेला, त्यात कधीकधी हवं ते एक कार्ड बाकी पन्नासांच्या भावात येऊन जातं. फोटो मागताना तिरक्या उजेडातला माग, समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत प्रिझमवरचे ओरखडे दिसतच नाहीत, आणि कडांचा पांढरा पडलेला भाग, शिरोकाके, चारही बाजूंनी दाखवायला सांग.

एक आणखी, कारण हा प्रश्न दुसऱ्या दोन वाचकांनीही विचारलाय. "फुक्कोकु" लिहिलेलं म्हणजे पुनर्मुद्रण. ते कंपनीनेच काढलेलं असेल तर त्यात फसवणूक नाही, फसवणूक तेव्हा होते जेव्हा कुणी ते जुनं म्हणून विकतो. ड्रॅगन बॉलच्या बाबतीत एक छोटी खूण उपयोगी पडते. ॲनिमेशन करणारी कंपनी तेव्हा तोएई दोगा होती, १९९८ मध्ये तिचं नाव तोएई ॲनिमेशन झालं, त्यामुळे १९८८ चं म्हणून विकलं जाणारं कार्ड आहे आणि त्यावर नवीन नाव आहे, तर ते त्या काळातलं नाही. उलट मात्र खरं नाही हां, जुनं नाव आहे म्हणून कार्ड जुनंच असं धरू नका, पुनर्मुद्रणात जुनी छपाई जशीच्या तशी येऊ शकते. आणि कार्डावरचं कॉपीराईटचं साल म्हणजे छपाईचं साल नव्हे. तोपसान कंपनीच्या पोकेमॉन कार्डांवर १९९५ आहे म्हणून लोक त्यांना सगळ्यात पहिली समजून पैसे मोजत होते, आणि खुद्द पोकेमॉनचा पहिला गेमच बाजारात आला १९९६ च्या फेब्रुवारीत.

"गुंतवणूक" हा शब्द तू दोनदा वापरलायस, एकदा बायकोला सांगितलं म्हणून आणि एकदा मला. ड्रॅगन बॉलचे जनक तोरियामा २०२४ मध्ये गेले, त्यानंतर जुन्या गोष्टींकडे लोक पुन्हा वळले हे खरं, मलाही त्या दिवशी वाईट वाटलं होतं, पण पुढची किंमत कुणीही सांगू शकत नाही. ज्यांनी लहानपणी नाणी टाकून ही कार्डं काढली ते आज पंचेचाळीशीच्या आसपास आहेत, पैसा हातात आलेलं वय, मागणी त्यांची आहे. त्यांच्यानंतरच्यांना एवढीच ओढ असेल का हे त्यांच्या मुलांवर आहे. तू हे कार्ड विकायला घेत नाहीयेस, बघायला घेतोयस, मग घरात तसंच सांग. "मला हे खूप आवडतं आणि मला ते हवंय" हे वाक्य बायकोसमोर म्हणायला गुंतवणुकीपेक्षा अवघड आहे, मला माहीत आहे.

कारण पैशापेक्षा किमती लपवल्यात ते जास्त जड झालंय तुला. पंधरा हजाराचं कार्ड तीन हजाराला मिळालं म्हणालास, मग पुढच्या वेळी तीनच सांगावे लागले, आणि आता ८५ चे किती सांगणार? मार्चमध्ये सामान बांधायला घ्याल, कपाट रिकामं होईल, एखादी पावती निघेल. त्याआधी सांग. एका रविवारी सकाळी, मुलगा खाली खेळायला गेला असताना, फाईल टेबलावर ठेव आणि खरा आकडा एका कागदावर लिहून तिच्यापुढे सरकव, सगळा, दुसऱ्या संचाच्या अकरा कार्डांसकट. ती चिडेल. चिडू दे, लगेच समजवायला जाऊ नकोस आणि त्याच दिवशी बेचाळीसाव्याचं नावही काढू नकोस. लिफाफ्याची योजना दुसऱ्या दिवशी सांग. मग ते कार्ड कधी आणि कितीपर्यंत घ्यायचं हे तुम्ही दोघं ठरवा, आणि ती "आत्ता नको" म्हणाली तर आत्ता नको. ४१ कार्डांची फाईल वर्षभर एका रिकाम्या कप्प्यासह राहू शकते, मी सांगते, त्या कप्प्याची सवय होते. ज्यांना साधी ३६ पुरतात त्यांच्यासाठी तर जपानीत वेगळा शब्दच आहे, नोमारु कोंपु, आणि ते लोक स्वतःला अर्धवट समजत नाहीत.

आता सामानाचं. ही कार्डं ५९ बाय ८६ मिलिमीटरची असतात, नेहमीच्या पोकेमॉनच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत, ती हलतात आणि हलून कोपरे झिजतात, यू-गी-ओ या दुसऱ्या कार्डखेळाच्या मापाच्या लहान स्लीव्ह घे, पॉलिप्रॉपिलीनच्या, आणि त्या तिथूनच भरपूर घेऊन ये. मऊ, वास येणारं पीव्हीसी नको. विमानात हातातल्या बॅगेत. पुण्यात आल्यावर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नकोस, त्या भिंती ओल धरतात, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, ४० ते ५० च्या मधे काटा असला की झालं. लॅमिनेशन अजिबात नाही, कुणीतरी प्रेमाने करून आणेल म्हणून आधीच बजावून ठेव. कपाटात डांबरगोळ्या टाकायची आईला सवय असेल तर त्या डब्याजवळ नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला धरते. आणि चिकट पानांचे फोटो अल्बम, ज्यात पान उचलून फोटो चिकटवायचा आणि वरून प्लॅस्टिक दाबायचं, ते तर कधीच नाही. माझ्या लेकीची सेलर मून कार्डं मीच तसल्या अल्बममध्ये लावली होती, नीट राहावीत म्हणून, एकेक ओळीत. बारा वर्षांनी काढायला गेलो तर गोंदाचे पिवळे पट्टे पाठीवर उमटलेले, आणि दोन कार्डांची छपाई सोलून पानालाच राहिली. ती काही बोलली नाही, नखाने त्या पट्ट्यावर हळूच खरवडत बसली. मला अजून ते आठवलं की पोटात कसंतरी होतं.

म्हणून तुझ्या मुलाबद्दल शेवटी लिहितेय, खरं तर पत्र वाचताना माझं सगळं लक्ष तिथेच गेलं होतं. कार्ड दुसऱ्या दिवशी बदलून आलं, तूच लिहिलंस, चारशे येनला. तो मात्र दोन महिने झाले तरी कपाटाकडे येत नाहीये. त्याच्या बाजूने बघ, त्याच्या वयाच्या मुलांसाठीच ही कार्डं छापली होती, हातात धरायला, जमिनीवर मांडायला, मित्राशी अदलाबदल करायला, तो तेच करायला गेला आणि त्याला कळलंच नाही की काय चुकलं. त्याला बोलाव आणि आधी सॉरी म्हण, कारण नंतर. मग तुझ्या डबलच्या गठ्ठ्यातून त्याला दहा कार्डं निवडू दे, त्याची म्हणून, त्यांना कोपरे दुमडू देत, त्यात रस पडू दे, त्यावर पेनने नाव लिहू दे, तू मधे बोलायचं नाही. तेवढी विकायच्या यादीतून काढ. एखादं डबल प्रिझम असेल तर तेही दे, स्वस्तातलं असो.

आणि ते दुमडलेलं कार्ड कुठे आहे रे? नवीन आणून जागेवर लावलंस एवढंच लिहिलंयस, जुन्याचं काय केलंस ते पत्रात नाही. टाकून दिलं नसशील तर शोध आणि त्या दहांच्या आधी त्याच्या हातात ते दे.